तुम्ही विचारलंत म्हणून : कातर रे भाजी

उपासना संपली की देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) पायऱ्यांवर कुणीतरी मला बाजूला घेतं. आधी "सलाम, बाई", मग तब्येत, मग पाऊसपाणी, आणि मग आवाज खाली येतो. "बाई, तुम्ही म्हणे संमोहन करून घेतलंत. ख्रिस्ती माणसाला चालतं का हो ते?" शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरतात : "तुझा एवढा देवावर विश्वास, मग प्रार्थनेने का नाही गेली गं भीती?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला घाई नसते. दुसरा बोचतो. म्हणून तिथून सुरू करते.

माझी भीती बंद जागेची. आजीचं घर शेवगावकडच्या खेड्यात होतं आणि त्या घरात बळद होतं. नव्या पिढीला सांगावं लागतं, बळद म्हणजे भिंतीतच बांधून काढलेली धान्याची पोकळी, वर फळीचं झाकण. त्या वर्षी ते जवळजवळ रिकामं होतं. लपंडाव खेळताना मी आत उतरले, थोरल्या भावाने वरून फळी लावली आणि जेवणाची हाक आली तसा तो निघून गेला. तळाशी जुन्या ज्वारीचा भुसा होता. तो नाकातोंडात गेला. कुबट वास आणि ओरडलं तर आवाज आपल्याच कानात परत. घरचे म्हणतात, पाच मिनिटंही झाली नसतील. असतील. पण त्या पाच मिनिटांनी पुढे पन्नास वर्षं माझ्याकडून घरभाडं वसूल केलं. लिफ्ट नाही. एसटीत खिडकीचीच जागा. पाहुण्यांकडे न्हाणीघराची कडी लावायची नाही, आतून गुणगुणत राहायचं, म्हणजे कुणी येणार नाही. माणसं भीती घालवत नाहीत, तिच्यासाठी सगळं घर लावून घेतात. मीही घेतलं.

सहा वर्षांपूर्वी मान आणि उजवा हात दुखायला लागला आणि डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. मानेचा एमआरआय म्हणजे यंत्राच्या बोगद्यात डोकं आधी आत. वर तोंडावर पिंजऱ्यासारखं एक कवच बसवतात, हातात रबरी फुगा देतात, की काही वाटलं तर दाबा. मी आत जाताना बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणायला घेतलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथवर ठीक. पुढे "मृत्युछायेच्या दरीतूनही" आलं आणि मी डोळे उघडले. नाकापासून वीतभरावर पांढरं छत. फुगा इतक्या जोरात दाबला की तिथला मुलगा धावत आला. बाहेर काढताना तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. त्याच्यामागे रांग होती आणि माझ्यामुळे त्याची वीस मिनिटं फुकट गेली होती.

त्या रविवारी मी मंडळीपुढे साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) नाही दिली, नुसती प्रार्थनेची विनंती केली. एक भगिनी मायेनेच म्हणाल्या, "बाई, विश्वास थोडा कमी पडला असेल." मायेने मारलेलं जास्त लागतं. घरी येऊन मी गेथशेमाने बागेचा उतारा काढून वाचला. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री हा प्याला टळू दे म्हणणारा, रक्ताच्या थेंबांसारखा घाम आलेला प्रभू येशू. त्याचा विश्वास किती टक्के कमी पडला होता, हे त्या भगिनीला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलात, "भिऊ नको" हे शब्द वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे ३६५ वेळा आहेत, असं उपदेशात ठोकून सांगतात. मोजणाऱ्यांचा आकडा तिथवर पोचत नाही, पण ते असो. मला दिसतं ते हे, की ते शब्द सांगितलेत ते घाबरलेल्यांनाच. मेंढपाळांना, मरियेला, तुफानात सापडलेल्या पौलाला.

डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या : झोपेचं औषध देऊन एमआरआय, नाहीतर आधी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. मला नुसता तो एमआरआय नको होता, ती कडीसुद्धा लावायची होती. म्हणून गेले. त्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी दोन भेटींत नुसतं ऐकून घेतलं, आणि मग "संमोहन" हा शब्द उच्चारला. मी खुर्चीत ताठ झाले.

शब्दाचाच दोष आहे हा. त्यात "मोह" बसलाय, आणि मोह म्हटलं की आमच्या कानाला एदेन बागेतलं फळ आणि अरण्यातली परीक्षा ऐकू येते. मोहिनी, भुरळ, चेटूक, सगळी एकाच गल्लीतली. त्यात लहानपणी गॅदरिंगला पाहिलेले संमोहनाचे प्रयोग : स्टेजवर कुणीतरी कच्चा कांदा सफरचंद म्हणून खातोय आणि सगळी शाळा हसतेय. इंग्रजी नाव हिप्नॉटिझम, तेही काही आपलं नाही म्हणा. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शस्त्रवैद्याने १८४० च्या दशकात ते रूढ केलं, हिप्नॉस या ग्रीकांच्या निद्रादेवावरून. एका तरुणाने मला गंभीर होऊन सांगितलं, की नावातच परका देव आहे. मी म्हटलं, बाळा, मग रविवारी उपासनेला येऊ नकोस, रवी कोण ते माहीत आहे ना? ब्रेडला स्वतःलाच ते नाव पुढे खटकलं, कारण ही झोप नव्हे, एकाच कल्पनेवर मन खिळणं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने तसं नवं नावही सुचवलं. चाललं नाही. चुकीची नावं फार टिकाऊ असतात.

मंडळीतल्या जाणत्यांचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, झाडून ठेवलेल्या रिकाम्या घराची गोष्ट आहे. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर रिकामं पाहतो आणि आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन आत राहायला येतो. मन रिकामं करून दुसऱ्याच्या हाती दिलं, तर आत कोण शिरेल? मी हे त्या बाईंना जसंच्या तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "काकू, रिकामं कुठे करायचंय? उलट एकाच गोष्टीने भरायचंय. आणि कशाने भरायचं ते तुम्ही सांगायचं."

मग आमची जागेवरून गंमत झाली. सुरक्षित वाटेल अशी जागा डोळ्यांपुढे आणायची होती. त्या म्हणाल्या, समजा समुद्रकिनारा. मी म्हटलं, मी नगरची. (अहिल्यानगर हो, पण तोंडात नगरच येतं.) आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, आम्हाला समुद्र पाहून शांत नाही वाटत, वाया चाललंय असं वाटतं. शेवटी जागा ठरली ती आमचं देऊळ, कीर्तनाच्या आधीची संध्याकाळ. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी चाल आहे, टाळ, मृदंग, पेटी, फेटा, सगळं. कीर्तनाआधी पेटीवाले काका सूर धरून बघत असायचे, सतरंज्या पडलेल्या असायच्या, आणि दारं उघडी. सगळी दारं उघडी. "शब्दही तुमचेच घेऊ या का?" त्यांनी विचारलं. मी स्तोत्र म्हणून दाखवलं. त्या ख्रिस्ती नाहीत. पण पुढच्या भेटीत "तो मला संथ पाण्यावर नेतो" ही ओळ त्यांनी इतकी सावकाश म्हटली, की एवढ्या वर्षांत मी ती कधी धड ऐकलीच नव्हती हे मला कळलं.

प्रत्यक्षात काय होतं, ते ऐकून लोकांची निराशा होते. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड झाल्या की मिटायच्या, श्वास सोडताना आकडे उतरत जायचे, खांदे सैल. मला सगळं ऐकू येत होतं : बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तोही. नाक खाजलं तर खाजवलं. आपण पुस्तकात बुडालेले असताना दुधाला ऊत येतो, तितपतच ती हरवण्याची जात. मग त्या जागी बसून थोडं थोडं बळदाजवळ जायचं. पहिल्यांदा नुसतं दाराशी. घाम फुटला की परत सतरंजीवर. तिसऱ्या भेटीत मी आत उतरले आणि तिथे मला एक वाक्य ऐकू आलं : "झाकण उघडणार नाही." आवाज लहान मुलीचा. माझाच. संमोहनात सूचना म्हणतात ती हीच की! रोज, न चुकता, पन्नास वर्षं मी मला देत आलेली. मी स्तोत्र म्हणत होते तोंडाने, आणि ऐकत होते हिचं.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे कुणाला शरण जा म्हणाले का?" म्हटलं, "नाही, खांदे खाली सोडा म्हणाले." ते हसले आणि मग त्यांनी मला गोव्याच्या एका पाद्रीबाबांबद्दल विचारलं. पणजीतला पुतळा पाहिलाय का?

पाहिला होता! सहलीला गेले होते तेव्हा. मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी, काळा झगा घातलेला माणूस, दोन्ही पंजे पुढे रोखलेले, आणि त्याच्यापुढे मागे कोसळणारी बाई. मला तो भगत वाटला होता. तो आबे फारिया (आबे म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री), संमोहनाचे प्रयोग करणारा. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला पुतळा १९४५ मध्ये बसवला गेला. जुझे कुस्तोदियु द फारिया, जन्म १७५६, गाव कांदोळी. त्याच्या घरची तऱ्हाच निराळी. आईबाप वेगळे झाले, बाप पाद्री झाला आणि आई जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती मठात जोगीण. बाप पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन १७७१ मध्ये पोर्तुगालला गेला, पोरगा पुढे रोमला शिकला आणि १७८० मध्ये त्याला पाद्रीपणाची दीक्षा मिळाली.

त्याची जी आख्यायिका गोव्यात सांगतात, ती मला सगळ्यात आवडते. पोर्तुगालच्या राणीसमोर तरुण फारिया प्रवचनाला उभा राहिला. समोर सगळा दरबार. त्याची बोबडी वळली, शब्द फुटेना. बाप खाली बसला होता. तो कोकणीत हळूच म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. खरंच असं घडलं का, देव जाणे. पण एवढ्याशा वाक्याने भीती कशी उतरली, हे कोडं त्याच्या डोक्यात पुढे राहिलं, असं सांगतात.

१८१३ मध्ये त्याने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. तेव्हा तिकडे मेस्मर नावाच्या वैद्याच्या पंथाचा बोलबाला होता : मांत्रिकाच्या अंगातून एक अदृश्य चुंबकी प्रवाह निघतो आणि रोग्यात शिरतो. फारिया समोरच्याला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटून झोपेवर मन लावायला सांगायचा आणि ठणकावून म्हणायचा, झोपा! आणि लोकांना सांगायचा, की माझ्या अंगातून काही निघत नाही. जे होतं ते झोपणाऱ्याच्याच मनात होतं, त्याच्या तयारीने, त्याच्या कल्पनेने. आपल्याकडे शक्ती आहे असं सांगणारे पैशाला पासरी. आपल्याकडे ती नाही असं भर सभेत सांगणारा हा एक पाद्री. चुंबकवाले त्याच्यावर रुसले, धर्मवाल्यांना त्यात सैतान दिसला, आणि १८१६ मध्ये रंगभूमीवर त्याची टर उडवणारं प्रहसनही आलं. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो गेला, गरिबीत.

तेव्हा ख्रिस्ती माणसाला चालतं का, तर या विद्येची दिशा बदलणाऱ्यांतला एक माणूस कॅथलिक पाद्रीच होता. आम्ही काही पोपचं ऐकणाऱ्यातले नव्हे, तरी बाराव्या पायसने १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांना दिलेलं उत्तर मला पटतं : वैद्यकीय कारणासाठी, डॉक्टरच्या हातून, नीतीच्या आणि विज्ञानाच्या मर्यादा पाळून असेल, तर हरकत नाही. त्या मर्यादा मीही मानते. मागचा जन्म दाखवतो म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही, आणि त्यात माझी श्रद्धा जेवढी आड येते तेवढीच अक्कलही. गुंगीत सुचवलेलं माणसाला आठवल्यासारखं वाटू शकतं, हे आता पक्कं ठाऊक झालेलं आहे. स्टेजवाल्याकडे नाही, चार दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्र आणलेल्याकडे नाही. ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात, त्यांनी तर आधी मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. आणि काहींवर संमोहनाचा परिणामच होत नाही. माझ्या नणंदेला नाही झाला. ती तासभर बसून आली आणि म्हणाली, खुर्ची छान होती.

दुसरा एमआरआय मी दुसरीकडे केला. पट्टा डोळ्यांवर आधीच बांधून घेतला. यंत्राने ठोकायला सुरुवात केली, ठक ठक ठक, मग घर्रर्र, आणि मी सतरंजीवर बसले. मृदंगवाला आज अगदीच बेताल होता. मधे एकदा ती मुलगी बोलली, "झाकण उघडणार नाही." तिला म्हटलं, बस इथे माझ्याजवळ, कीर्तन संपलं की उघडतात. बाहेर काढल्यावर तिथला पोरगा म्हणाला, "मावशी, झोपलात की काय?"

"नाही रे," मी म्हटलं, "कीर्तन ऐकत होते." त्याने हळूच माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

लिफ्टने मी आता जाते, सोबत कुणी असेल तर चांगलंच, नसेल तरी जाते. रेल्वेच्या संडासाची कडी मात्र अजून लावत नाही. यांना बाहेर उभं करते. गाडी हलली आणि माझा आवाज आला नाही, की हे दारावर टकटक करतात आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं विचारतात, "काय गं, कातरलीस का भाजी?"