पाच ओव्हरटाइम

११ ऑगस्ट २०२०, मंगळवार. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या वेळापत्रकात दोन ओळी होत्या. दुपारी ३ ला टँपा बे लाइटनिंग विरुद्ध कोलंबस ब्लू जॅकेट्स आणि रात्री ८ ला बॉस्टन विरुद्ध कॅरोलायना. टोरांटोच्या स्कोशियाबँक अरीनात, एकाच बर्फावर. पहिली मॅच साडेपाच-पावणेसहाला आटपेल, मग दोन तास बर्फाची डागडुजी करायची, त्यातच कधीतरी दोन घास पोटात ढकलायचे, असा हिशोब होता. मी तिथे बर्फाच्या कामावर होतो.

लोकांना वाटतं, बर्फ एकदा गोठवला की झालं. खरं तर २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असा तो तुकडा जेमतेम इंच-सव्वा इंच जाड असतो. त्याच्या खाली काँक्रीट आणि काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं. त्या नळ्यांतून शून्याखालचं द्रव सतत फिरत असतं. बर्फाचं वरचं तापमान उणे पाचच्या आसपास धरून ठेवायचं. फार गार केला तर बर्फ ठिसूळ होऊन कपच्या उडतात. थोडा गरम झाला तर मऊ पडतो, त्यावर बर्फाचा भुसा साठतो आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सरळ जायचं सोडून उड्या मारायला लागतो. खेळाडू तक्रार करतात ती या दोन्हीपैकी एकाची, आणि कधीकधी एकाच रात्री दोन्हींची.

माझं हे काम रत्नागिरीपासूनचं. मिरकरवाड्याच्या बंदराला बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात मी शिकलो. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात बुडवलेले डबे, पहाटे बोटींसाठी निघणाऱ्या लाद्या. इथे आल्यावर यंत्रांचे आकार आणि पगार बदलला, थंडी तयार करायची रीत तीच राहिली. बर्फ तासून गुळगुळीत करणारं झॅम्बोनी यंत्र शोधणाऱ्या फ्रँक झॅम्बोनीचाही कॅलिफोर्नियात भावाबरोबर बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता. घरोघरी फ्रीज यायला लागले, लाद्यांचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी स्केटिंगचं रिंक काढलं. हे मला कळलं तेव्हा त्या माणसाबद्दल उगाच आपुलकी वाटली.

तो हंगाम सगळ्याच बाबतीत विचित्र होता. १२ मार्चला महामारीमुळे लीग थांबली ती १ ऑगस्टला पुन्हा उघडली, तीही दोनच शहरांत. पूर्वेकडचे संघ टोरांटोत, पश्चिमेकडचे एडमंटनमध्ये. खेळाडू हॉटेल ते रिंक एवढ्याच कुंपणात. प्रेक्षक नाहीत. खुर्च्यांवर कापडं टाकलेली, बर्फाभोवती मोठाले पडदे उभे केलेले. आम्हाला मास्क, तपासण्या आणि कोणत्या दारातून जायचं याचे नियम. मात्र रिकाम्या इमारतीचा आम्हाला एक फायदा होता. एरवी अठरा-एकोणीस हजार माणसं आत आली की त्यांच्या अंगाची ऊब आणि श्वासाची वाफ बर्फावर उतरते. म्हणून दारं उघडायच्या आधीच आम्ही बर्फ थोडा जास्त गार करून ठेवतो. त्या ऑगस्टमध्ये ती भानगडच नव्हती. बाहेर टोरांटोचा दमट उन्हाळा आणि आत ओसाड थंडी.

टँपाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या दुपारचा ताण कळणार नाही. आदल्या, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामात या संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकून लीगच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. १२८ गुण. सगळे म्हणत होते, लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनले कप, यांचाच. आणि प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना ४-० असं गुंडाळून घरी पाठवलं. वर्षभर त्यांना त्यावरून टोमणे ऐकावे लागले. आता पुन्हा पहिल्या फेरीत समोर तेच कोलंबस, आणि त्यात टँपाचा कप्तान स्टीव्हन स्टॅमकोस दुखापतीने बाहेर.

आमच्या क्रूला मात्र टँपाशी काही देणंघेणं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी, ९ तारखेला, याच बर्फावर कोलंबसने टोरांटो मेपल लीफ्सना पात्रता फेरीच्या पाचव्या सामन्यात ३-० हरवून बाहेर काढलं होतं. १९६७ पासून कप न पाहिलेल्या शहरातली ही माणसं. ज्यांनी आपल्या संघाला घालवलं त्यांच्यासाठीच बर्फ घासून द्यायचा म्हटल्यावर आमचा क्रू-चीफ सकाळपासून घुश्शात होता. मला म्हणाला, “आज पाणी गारच टाकू का रे?” चेष्टा होती ती. पाणी गरमच टाकायचं असतं. ते स्केटच्या चऱ्यांमध्ये नीट उतरतं, वरचा थर किंचित वितळवतं आणि खालच्या बर्फाला घट्ट धरतं.

पहिले तीन पिरियड सांगण्यासारखे फारसे नाहीत. कोलंबसने गोल केला, ब्रेडन पॉइंटने फेडला. कोलंबसने दुसरा केला, तिसऱ्या पिरियडच्या सुरुवातीलाच यानी गूर्डने तोही फेडला. २-२. साठ मिनिटं संपली.

आइस हॉकीत साखळी सामना बरोबरीत सुटला तर छोटा ओव्हरटाइम आणि मग पेनल्टी शॉटसारखे नेम धरून निकाल लावतात. प्लेऑफमध्ये तसं नाही. वीस मिनिटांचा पूर्ण पिरियड, जो पहिला गोल करेल तो जिंकला. नाही झाला गोल, तर पंधरा मिनिटांची सुट्टी आणि आणखी वीस मिनिटं. याला शेवट नाही. खेळाडूंना हे ठाऊक असतं, पण बर्फालाही तेच सोसावं लागतं हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

एरवी टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो तेव्हा आमची पोरं फावडी घेऊन स्केट करत आत जातात आणि साठलेला भुसा ओढून बाहेर काढतात. ओव्हरटाइममध्ये जाहिराती नसतात. साधारण अर्धा पिरियड झाल्यावर जी पहिली शिटी वाजेल तेव्हा काय ते एकदा उरकायचं. त्या दिवशी शिट्याही लवकर वाजत नव्हत्या. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये मी कोपऱ्यातल्या गेटजवळ उभा होतो. समोर बर्फ पांढराफटक झालेला, पक भुशातून रांगत चाललेला, आणि पोरं फावडी धरून धावायच्या पवित्र्यात ताटकळलेली.

पिरियड संपला की दोन यंत्रं आत. यंत्राच्या पोटात सहा फुटांहून लांब पातं असतं, ते वरचा थर तासतं. मागे लोंबणारं कापड गरम पाणी पसरत जातं. आजी अंगण सारवायची तेव्हा हात उचलायच्या आधी मागचा पट्टा पुढच्यात मिसळून घ्यायची, तसेच हे पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात. फरक इतकाच की आजीला घाई नसायची. इथे पंधरा मिनिटांच्या आत पाणी पूर्ण गोठून खेळाडू उभे राहिले पाहिजेत. दर फेरीला शेकडो लिटर गरम पाणी पडतं आणि त्याची सगळी उष्णता खालच्या नळ्यांना ओढून घ्यावी लागते. नेहमीच्या मॅचमध्ये मध्यंतरं दोन. चौथ्यानंतर मी आकडे बघायला खाली मशीन रूममध्ये गेलो. यंत्रणा दमली नव्हती, पण परतीचं तापमान हळूहळू वर सरकत होतं.

वर येऊन मी चीफला म्हणालो, “पाणी निम्मं करू या. पातळ थर टाकू, लवकर धरेल.”

“आणि चरे?”

“चरे थोडे दिसतील. ओलं राहण्यापेक्षा बरे.”

त्याने मान डोलावली. या कामात वाद घालायला वेळ मिळत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

गोलकीपरच्या पुढ्यातला निळा अर्धगोल, म्हणजे क्रीज, हा आमच्या लेखी बर्फाचा सगळ्यात बोलका भाग. गोलकीपर तिथे मुद्दाम स्केट घासून पाय रोवायला खरखरीत जागा करतो. कोण कुठे उभा राहिला, किती वेळा गुडघ्यावर पडून डावीकडून उजवीकडे सरकला, हे क्रीज बघून वाचता येतं. दर पिरियडला संघ बाजू बदलतात, म्हणून कोलंबसचा युनास कोर्पिसालो ज्या टोकाला उभा होता ते मला न विचारता कळायचं. तिथे खोल, लांबट खड्डे पडलेले असायचे. त्या रात्री त्याने ८५ शॉट अडवले. लीगच्या नोंदीत एका सामन्यात इतके कुणीच अडवले नव्हते. पलीकडे आंद्रेई वासिलेव्हस्कीने ६१ अडवले, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याचंच नाव सगळीकडे झालं असतं. आमचा एक पोरगा दर मध्यंतराला बादलीतला ओला भुसा घेऊन कोर्पिसालोचे खड्डे बुजवत होता. तिसऱ्या ओव्हरटाइमनंतर तो म्हणाला, “हा माणूस कोलंबसचा आहे हे मी आजपुरतं विसरलो.” ज्यांच्यावर सकाळी दात खाऊन होते, त्यांच्याच गोलकीपरसाठी हे लोक आता श्वास रोखून उभे होते.

रिकाम्या अरीनात मॅच ऐकू कशी येते, ते मी तेव्हाच अनुभवलं. टीव्हीवर गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज सोडत होते, पण गेटजवळ मला खेळाडूंचे उसासे ऐकू यायचे. चौथ्या ओव्हरटाइमला स्केटचा आवाजच बदलला होता. जोरात कापत जाणारा ‘खर्र’ संपून नुसतं घासत सरकणं उरलं होतं. कोलंबसचा बचावपटू सेथ जोन्स त्या सामन्यात ६५ मिनिटं ६ सेकंद बर्फावर होता. एरवी पंचवीस मिनिटं खेळणारासुद्धा भरपूर खेळला म्हणतात.

रात्रीची मॅच ८ वाजताची होती. ८ वाजून गेले आणि आम्ही अजून पहिल्याच मॅचसाठी पाणी भरत होतो. बॉस्टन आणि कॅरोलायनाचे खेळाडू खोळंबले होते. नंतर निरोप आला की त्यांची मॅच आज होणार नाही, उद्या सकाळी ११ ला.

“सकाळी ११?” चीफ माझ्याकडे बघून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मराठीत लिहिता येईल, पण छापता येणार नाही.

या शहराला लांबलेल्या मॅचची सवय जुनी आहे. आमच्या अरीनापासून जवळच मेपल लीफ गार्डन्सची इमारत आहे. तिथे ३ एप्रिल १९३३ ला टोरांटो आणि बॉस्टन सहा ओव्हरटाइम खेळले होते, १६४ मिनिटं ४६ सेकंद, आणि टोरांटो १-० जिंकलं. तेव्हा झॅम्बोनी नव्हती. ते यंत्र १९४९ सालचं. आमच्या धंद्यातले जे कोण त्या रात्री हाताने बर्फ ओढत होते, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मी आपला बॅटरीचा चार्ज, पात्याची धार आणि पाण्याची टाकी यांच्यावरून कुरकुरत होतो, तेव्हा त्यांची आठवण झाली आणि कुरकुर थोडी कमी केली. पूर्ण बंद केली असं म्हणणार नाही.

पाचवा ओव्हरटाइम. १० मिनिटं २७ सेकंद. ब्रेडन पॉइंटचा शॉट, आणि पक आत. टँपा ३, कोलंबस २. एकूण खेळ १५० मिनिटं २७ सेकंद, लीगच्या इतिहासात चौथा सगळ्यात लांब. दुपारी ३ ला सुरू झालेली मॅच संपली तेव्हा घड्याळात ९ वाजून गेले होते. टँपाचे खेळाडू एकमेकांवर कोसळले, पण त्यात उड्या नव्हत्या, एवढं त्राणच नव्हतं कुणात. कोर्पिसालो थोडा वेळ होता तिथेच राहिला. आमच्यातल्या एकाने गेटच्या फळीवर हातमोजे आपटून त्याला दाद दिली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. त्याला ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

टँपाने ती मालिका ४-१ जिंकली. पाचव्या सामन्यातही ओव्हरटाइमच लागला आणि त्यातही पॉइंटनेच गोल केला. पुढे बॉस्टन, मग न्यूयॉर्क आयलँडर्स, आणि २८ सप्टेंबरला एडमंटनमध्ये डॅलसला हरवून त्यांनी कप उचलला. लोक त्या अंतिम सामन्याबद्दल बोलतात. माझं मत विचाराल तर टँपाचा हंगाम त्या मंगळवारीच ठरला. कोर्पिसालोने आणखी एक अडवला असता आणि पलीकडे कोलंबसचा एखादा पक घरंगळत आत गेला असता, तर आदल्या वर्षीची भुतं पुन्हा त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसली असती. अर्थात मी बर्फवाला. हॉकीच्या पंडितांनी याच्याशी सहमत व्हायला हवं असं नाही.

पाऊणेक तासाने रत्नागिरीहून आईचा फोन आला. तिकडे बुधवारची सकाळ. गोपाळकाल्याचा दिवस, पण करोनामुळे यंदा हंडी नाही, सगळी वाडी गप्प आहे, असं सांगत होती. मग विचारलं, “जेवलास का?” मी म्हटलं, “आता जेवतो, आई. मॅच लांबली.” “कोणाची मॅच?” तिने विचारलं. टँपा बे सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून “पाहुण्यांची” एवढंच म्हणालो.

रात्रीचं काम उरलंच होतं. सात मध्यंतरांचं पाणी एकावर एक बसून बर्फ काही जागी जाड झाला होता, फळ्यांच्या कडेला तर जास्तच. तो पाणी न टाकता नुसता तासून काढायचा, भोकं पाडून जाडी मोजायची, पाती बदलायची, गोलपोस्टची भोकं नव्याने करायची. पहाटेपर्यंत तेच चाललं. सकाळी ११ ला बॉस्टन आणि कॅरोलायना उतरले तेव्हा बर्फ आरशासारखा होता, आणि त्यानंतर त्याच दिवशी ३ ला आणि ८ ला आणखी दोन मॅच व्हायच्या होत्या. सगळ्यांचं एकच मागणं होतं, ही तरी साठ मिनिटांत संपू दे.

साठ मिनिटांनंतर स्कोअर ३-३. पहिला ओव्हरटाइम कोरडा गेला. चीफ एक शब्द न बोलता झॅम्बोनीवर चढला. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या दुसऱ्याच मिनिटाला पॅट्रिस बर्जरॉनने बॉस्टनसाठी गोल मारला, आणि लीफ्सचा तो जन्मजात चाहता, ज्याने आयुष्यभर बॉस्टनला शिव्या घातल्या, दोन्ही हात वर करून नाचला.