युनोस रोडस्टरच्या डिफचं तेल: गाडीचा नंबर टाकून उत्तर मिळत नाही

इंग्लंडमध्ये पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस आधी गाडीचा नंबर विचारतो. तो कॉम्प्युटरवर टाकायचा, स्क्रीनवर जे येईल ते रॅकवरून काढून द्यायचं, झालं त्याचं काम. ब्रेक पॅडपुरतं हे चालतं. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाच्या (थोडक्यात ‘डिफ’च्या) तेलाला चालत नाही, आणि गाडी युनोस रोडस्टर असेल तर मुळीच नाही. ही गाडी म्हणजे जपानच्या बाजारात विकलेली माझदा एमएक्स-5, मग तिथून इथे आयात झालेली. स्क्रीनवर एक तर काहीच येत नाही, नाही तर इथल्या मॉडेलची माहिती येते. मागे साधा डिफ आहे, की व्हिस्कस किंवा टॉर्सन प्रकारचा एलएसडी (‘लिमिटेड स्लिप’ डिफ, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा), हे त्या यादीला कुठून कळणार? मग काउंटरवरचा माणूस बाटलीवर ‘एलएस’ (लिमिटेड स्लिप) लिहिलेलं काही तरी पुढे सरकवतो आणि छातीठोकपणे सांगतो, “स्पोर्ट्स कार ना? मग हेच.”

हे ‘मग हेच’ माझ्या डोक्यात जातं.

माझ्या गाडीत 1.8 इंजिन आणि टॉर्सन आहे. टॉर्सनमध्ये क्लच प्लेट नसतातच. तिरक्या दात्यांचे गिअर एकमेकांवर आणि वॉशरवर दाबले जातात, त्या घर्षणावरच जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. म्हणजे घर्षण हेच त्याचं भांडवल. ‘एलएस’ तेलात फ्रिक्शन मॉडिफायर मिसळलेला असतो आणि त्याचं काम घर्षण कमी करणं. तो टॉर्सनमध्ये ओतला म्हणून काही मोडत नाही, पण डिफची ताकद थोडी आपणच काढून घेतो, वर त्याचे जास्त पैसे मोजतो. मॉडिफायर लागतो तो क्लच प्लेटवाल्या एलएसडीला. हळू वळताना प्लेट चिकटतात-सुटतात आणि मागून खडखड येते, ती त्याने थांबते. तिथेही प्रमाण डिफ बनवणाऱ्याने दिलं असेल तेवढंच घालायचं. जास्त झालं की प्लेट घसरायला लागतात. सुरुवातीच्या 1.6 गाड्यांमध्ये व्हिस्कस एलएसडी येत असे. त्यातलं सिलिकॉन द्रव वेगळ्या सीलबंद डब्यात असतं, त्यामुळे बाहेरच्या गिअर ऑइलमध्ये मॉडिफायर असो वा नसो, त्याला फरक पडत नाही.

थोडक्यात, टॉर्सनला साधं, मॉडिफायर नसलेलं जीएल-5 लागतं (‘जीएल’ हा गिअर ऑइलचा वर्ग). हे वाक्य काउंटरवर कितीही वेळा म्हटलं तरी समोरून बाटली ‘एलएस’चीच येते. त्यावर माझा उपाय एकच: बाटली उलटी करायची आणि मागचं बारीक अक्षर वाचायचं. ‘लिमिटेड स्लिपसाठी योग्य’ किंवा ‘मॉडिफायर आधीच मिसळलेला’ असं काही दिसलं की ठेवून द्यायची. कुठे ‘जीएल-6’ छापलेलं दिसलं तर भारावून जाऊ नका. तो वर्ग केव्हाच बाद झालाय, बाटलीवर छापला म्हणून तेल जीएल-5 पेक्षा वरचं होत नाही.

जीएल-4 मात्र डिफमध्ये अजिबात नको. क्राउन (डिफमधला मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांचे दाते हायपॉइड असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यावरून न जाता खाली सरकलेला असतो. त्यामुळे दाते नुसते दाबत नाहीत, जोरात घासतही जातात. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची मिश्रणं जीएल-4 पेक्षा बरीच जास्त असतात, म्हणून ती घासण सोसते. (डिफच्या तेलाला तो कुबट वास येतो तो याच गंधकाचा, कपड्यांतून जाता जात नाही.) जीएल-4 वर दात्यांवर ओरखडे पडतात आणि मग डिफ कायमचा गुणगुणायला लागतो. गिअरबॉक्समध्ये नेमकं उलट: पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असल्याने तिथे मी जीएल-4 च घालतो. दोन्हीच्या बाटल्या एकाच रॅकवर असतात आणि दोन्हीवर 75डब्ल्यू-90 लिहिलेलं असतं, म्हणून नुसता दाटपणाचा ग्रेड वाचून उचलू नये.

ग्रेडचं गणित सोपं आहे. 90 म्हणजे 100 अंश सेल्सिअसला 13.5 ते 18.5 सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक). इंजिन ऑइलच्या आकड्यांशी याची तुलना करू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. 90 चं गिअर ऑइल साधारण 40-50 च्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. 75डब्ल्यू-90 आणि 80डब्ल्यू-90 गरम झाल्यावर सारखेच, फरक थंडीतला. माझदाच्या पुस्तिकेत उणे 18 अंशांच्या वर 90 आणि त्याखाली 80डब्ल्यू दिलंय. इथल्या थंडीत 80डब्ल्यू-90 निवांत चालतं. पुण्या-मुंबईत कुणाकडे मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी असेल तर तिथे ट्रक-ट्रॅक्टरसाठी सगळीकडे मिळणारं 85डब्ल्यू-140 ‘जाड म्हणजे चांगलं’ म्हणून कुणी ओतू देऊ नका. 140 गटातलं तेल ट्रॅकवर सलग तापणाऱ्या डिफला ठीक. रस्त्यावर ते फक्त ताकद खातं.

आपला डिफ कुठला हे ओळखायला मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा, पुढची चाकं अडवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर बहुधा साधा, त्याच दिशेला फिरलं तर एलएसडी. झिजलेल्या डिफमध्ये ही परीक्षा फसवते, म्हणून भरायच्या भोकातून टॉर्च मारूनही बघा.

तेल बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करायचा. तो गंजून बसला असेल आणि खालचा आधी उघडलात तर डिफ रिकामा आणि गाडी स्टँडवर अडकून. पाना सहा कोनी सॉकेटचाच हवा. बारा कोनीने कडा गोल होतात. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, मग गाडी सपाट उभी असतानाच भरा. 1.8 ला 1 लिटर लागतं, 1.6 ला 0.65. पण आकड्यापेक्षा भोकाच्या काठावरून थेंब सुटायला लागला की थांबा, हे जास्त खरं. पंपाच्या नळीत थोडं तेल राहतंच, म्हणून 1.8 साठी एका लिटरवर विसंबू नका. बोल्ट 40 ते 53 न्यूटन-मीटरला घट्ट करायचे, वॉशर नवे.

खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडी पेस्ट आली तर काळजी नाही, ती बोटाने पुसून टाका. त्यात नखाला टोचणारे तुकडे निघाले, किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर येणारी गुणगुण नव्या तेलानेही गेली नाही, तर दुकानात आणखी महाग बाटली शोधू नका. बेअरिंग आणि दात्यांची बैठक तपासून घ्या.