मधलं नाव

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा माझी तीन नावं चालू होती. मार्कशीट, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटीवर (म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्यावर) मधे वडील, शेवटी माहेरचं आडनाव. आधारवर मधे नवरा आणि सासरचं आडनाव. आणि २०२३ च्या कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात 'उर्फ' घालून दोन्ही. आडनावाचं एकवेळ कुणी चालवून घेतं, मधलं नाव मात्र प्रत्येक खिडकीवर अडतं.

परिस्थिती थोडक्यात अशी. परस्पर संमतीनं घटस्फोट. पोटगी नाही, मुलगी माझ्याकडे राहावी म्हणून मी ती मागितलीच नाही (हे शहाणपण होतं का, यावर आई अजून अधूनमधून बोलते). वडील वारलेले. मी आईकडे, गावात. मुलगी पहिलीत. कमाई ब्लाऊज आणि पिको-फॉलची. कॉलेज सव्वा तासावर. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर रोजचं जाणं-येणं मला झेपलं नसतं.

आधी तलाठ्यांकडे उत्पन्नाचा दाखला. वर्षाचे ४८,००० निघाले. संजय गांधी निराधार योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित बाईला महिना १,५०० मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात आई, मूल आणि शिलाई मशीन कसं चालतं ते एकदा कुणीतरी मला करून दाखवावं. फॉर्म भरून देणारा दुकानाबाहेरचा एक जण हळूच म्हणाला, "ताई, वीस हजार लिहून आणता येतो की." मी नको म्हटलं. सगळा प्रामाणिकपणाच होता असं नाही. हाच दाखला फीच्या फॉर्मला, हाच मुलीच्या फॉर्मला लागणार होता. दोन ठिकाणी दोन आकडे निघाले तर मी कुठं उभी राहू? शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. १,५०० च्या जागी १,५०० च. मग त्या फायलीत जीव कशाला घालायचा?

लाडकी बहीणचा फॉर्म मी जुलै २०२४ मध्येच भरला होता. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी गल्लीतल्या सगळ्यांना दोन महिन्यांचे ३,००० आले, मोबाईल टिंग टिंग वाजले. माझा गप्प. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, आधार लिंक आहे तुमचं. होतंच. पण 'लिंक' वेगळं आणि 'सीडिंग' वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. आधार पाच खात्यांना लिंक असू शकतं, पण सरकारी पैसा जातो सीडिंग असलेल्या एकाच खात्यात. माझं सीडिंग सासरच्या गावातल्या जुन्या खात्याला होतं. त्या खात्याचं एटीएम कार्ड तिकडंच राहिलेलं, आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा. म्हणजे माझ्या पैशाचा मेसेज त्याला गेला असणार.

शेवटी त्या जुन्या खात्यातले पैसे काढायला शेजारच्या गावातल्या सेवा केंद्रात आधारवर अंगठा लावला. शिलाई करून माझी बोटं गुळगुळीत झालीत, अंगठा उमटेना. त्या पोरानं ओल्या फडक्यानं मशीन पुसलं, मला अंगठा कपाळावर घासायला लावला (तेल लागतं म्हणे), आणि चौथ्यांदा उमटला. ३,००० हातात आले. दुसऱ्याच दिवशी सीडिंग नव्या खात्यावर करून घेतलं. आता कुणीही कुठलाही फॉर्म भरताना मला विचारलं, की मी पहिल्यांदा आधारच्या साईटवर बँक सीडिंग बघायला लावते. कागद नंतर.

फीचं काम त्या मानानं सरळ गेलं. मी ओबीसी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्याआधी निम्मी होती. मी सत्तावीस वर्षांची 'मुलगी', पण फॉर्म त्याला हरकत घेत नाही. अडलं ते नावावरच. नॉन-क्रिमीलेअर आई-वडिलांच्या उत्पन्नावर ठरतं, तिथं मी वडिलांची मुलगी. आधारवर अजून कुणाची तरी बायको. फी माफीचा फॉर्म भरायच्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दोन्ही जुळेनात. हुकूमनामा दाखवून, ५० रुपये भरून आधार बदललं, तेव्हा कुठं महाडीबीटीवर माझी मी मला मिळाले.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते बालसंगोपन योजनेनं. एक पालक असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत महिन्याला मदत मिळते. २०२३ मध्ये ती १,१०० ची २,२५० झाली. आमच्या वस्तीत ही योजना विधवांची समजतात. घटस्फोटितेच्या मुलालाही मिळते हे मला कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, तेही कॅन्टीनमध्ये, सहज.

कागद: मुलीच्या शाळेचं बोनाफाईड, तिचं आणि माझं आधार, उत्पन्नाचा दाखला, हुकूमनामा, तिचं माझ्यासोबतचं जॉइंट खातं, रेशन कार्ड. रेशन कार्डासाठी आधी सासरच्या कार्डातून आमची नावं कमी केल्याचा दाखला हवा. तो आणायला मी भावाला पाठवलं, स्वतः गेले नाही. तेवढं चालतं. आणि एक फोटो, पोस्टकार्ड साईज, मुलीसोबत घरासमोर उभं राहून. भावानं मोबाईलवर काढला. मागं दोरीवर गिऱ्हाइकांचे ब्लाऊज वाळत होते, आणि मुलीचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. ती तोंड भरून हसली. आई म्हणाली, "अगं, गरीब दिसायला हवं ना, परत काढ." मुलीनं दुसऱ्या वेळी आणखीच दात काढले. तोच लावला.

मुलीच्या नावात मधे तिचे वडील. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं असा नियम आलाय. माझी त्याच्या आधीची. मुलीच्या नावातला बाप आणि माझ्या आधारवरचं नवं नाव यांचा ताळमेळ म्हणून मी प्रत्येक अर्जाला हुकूमनाम्याची प्रत जोडत गेले. झेरॉक्सवाला मला बघितलं की न विचारता "चार?" म्हणायचा.

मग बालसंगोपनच्या अर्जासाठी घरी चौकशीला एक मॅडम आल्या. खोल्या किती, मशीन कुणाची, मुलगी कुणाजवळ झोपते. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समितीपुढं हजर राहायचं होतं. नेमका त्या दिवशी माझा सराव पाठ. बी.एड.ला हजेरी ८० टक्के लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला ९०. या कामांपायी माझी हजेरी आधीच ८२ वर आलेली. सरांना खरं कारण सांगायला मला लाज वाटत होती, उगाचच. सांगितलं. त्यांनी पाठ पुढच्या बुधवारी घेतला आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द विचारला नाही.

समितीत तिघं बसले होते. त्यांनी मला जवळजवळ काही विचारलं नाही. मुलीला विचारलं, "बाळ, मम्मी काय करते?"

"मम्मी शाळेत जाते."

"आणि तू?"

"मी पण."

आदेश झाला. पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून मी शिलाईची दोन गिऱ्हाइकं सोडली, ती चूक. कित्येक महिने काहीच नाही, मग एकदम सगळे एकत्र. तोवर वह्या, सराव पाठाचे तक्ते, मुलीचे बूट उधारीवर. ही रक्कम महिन्याच्या खर्चात धरायची नाही, मागच्या उधारीला ठेवायची, असं आता माझं गणित आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीणचं ई-केवायसी आलं. स्क्रीनवर माझं आधार, ओटीपी, पुढं. मग चौकट: पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक. एक नवरा उरला नाही, एक बाप उरला नाही. मी मोबाईल पालथा घालून पाठ टाचण लिहायला घेतलं. नंतर मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, आणि माझ्यासारख्यांनी कागदांच्या प्रती अंगणवाडी सेविकेकडे द्यायच्या असं ठरलं.

अंगणवाडीतल्या ताई माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या, वडिलांच्या तेराव्याला आलेल्या. तरी म्हणाल्या, "मृत्यूचा दाखला दे गं, आणि कोर्टाचा पण. माहीत असून चालत नाही."

फाईल सोबतच होती. दोन्हीच्या चार-चार प्रती.