आमची वाटचाल : बाटलीत न भरता येणारा माल

आमची फर्म म्हणजे मी, माझे धाकटे दीर, एक छोटा हत्ती आणि शेडमध्ये ओळीनं लावलेली दोनशे लिटरची निळी बॅरलं, एवढंच. सुरुवात गांडूळ खतापासनं झाली. बेळगाव तालुक्यात कोबी, फ्लॉवर, मिरची, बटाटा, खानापूरकडं भात नि रताळी, इथली भाजी रोज गोव्याला जाते, त्यामुळं खताला गिऱ्हाईक होतंच, पण हमाली नि टेम्पोचं भाडं गेल्यावर पोत्यामागं हातात काय उरायचं नाही. भावजींनी कंपोस्ट टी, म्हणजे खतातले जीवाणू पाण्यात उतरवून केलेलं द्रावण, याबद्दल कुठंतरी वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, एका पोत्यानं एकर झाकत नाही, पण त्यातल्या थोड्या खताच्या पाण्यानं भिजतंय की."

इकडं जीवामृत बऱ्याच जणांना माहीत आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि काठीनं ढवळणं. म्हणून शेतकरी पहिलं हेच विचारतात, मग यात वेगळं काय? एक म्हणजे यात कच्चं शेण नाही, पूर्ण कुजलेलं, ढिगात चांगलं तापून थंड झालेलं कंपोस्ट आणि त्याच्या जोडीला गांडूळ खत. दुसरं म्हणजे हवा. दोनशे लिटर पाण्यात जाळीच्या पिशवीतनं आठेक किलो खत सोडायचं, अर्धा लिटर काकवी घालायची आणि एअर पंप चोवीस ते छत्तीस तास चालू ठेवायचा. खतातले जीवाणू, बुरशी पाण्यात उतरतात, काकवी खाऊन वाढतात, आणि वाढताना ऑक्सिजन ओढतात, तो कमी पडला की नको ते जीवाणू वर येतात आणि बॅरल नासतं. चिकोडी-निपाणीकडं ऊस पिकतो, गुऱ्हाळावर काकवी सहज मिळते, म्हणून काहीजण हात सैल सोडून लिटरच्या लिटर ओततात, त्यानं उलटंच होतं. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्यावर ठेवून क्लोरीन उडू द्यायचा, आमच्याकडं विहिरीचं आहे म्हणून ती कटकट नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी गरम, त्यात ऑक्सिजन कमी टिकतो, तेव्हा आम्ही चोवीस तासांतच उतरवतो.

आणि करंट! पावसाळ्यात वारं सुटलं की लाईट गेलीच. पंप नेहमी बॅरलच्या पाण्यापेक्षा उंच फळीवर ठेवायचा, खाली ठेवला तर लाईट गेल्यावर पाणी नळीतनं उलटं येऊन पंपात शिरतं. आमचे पंप इन्व्हर्टरवर आहेत, घरातला फॅन बंद पडला तरी चालेल पण बॅरलचं बुडबुडं थांबायला नको, अशी परिस्थिती. तयार झालं की वास घेऊन बघायचा. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा आला तर माल चांगला, गटारीसारखा आला तर सगळं परत कंपोस्टच्या ढिगावर, शेतात नाही.

आता धंद्याची खरी गोष्ट. हवा बंद केली की चार-सहा तासांत हे वापरावं लागतं. एका कृषी केंद्राच्या मालकांनी सांगितलेलं, "ताई, लिटरच्या बाटल्या भरा, सहा महिन्यांची एक्सपायरी टाका, खपवायचं माझ्याकडं लागलं." झाकण लावलेल्या बाटलीत सहा महिने कोण जिवंत राहील? नाही म्हटलं. ते नाराज झाले, आमचेही हिशेब बसेनात, पण तिथनंच आमचा धंदा बदलला. दुकान सोडलं आणि दुधाच्या रतिबासारखं पहाटे कॅन भरून थेट शेतावर जायला लागलो, तासाभराच्या अंतरात जेवढी गावं येतात तेवढीच. लांबच्यांना आम्ही पंप, नळ्या, पिशवी आणि मोजून बांधलेलं खत असा सेट देतो, त्यांनी घरीच करायचं. आज कमाई जास्त करून त्या खताच्या पाकिटांवरच आहे. माहितीचं पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलंय, कारण हुक्केरी, बैलहोंगलकडनं फोन येतात तेव्हा बोलणं कन्नडमधूनच होतं, ती बाजू भावजी सांभाळतात.

फवारायचं असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, बारीक कापडानं गाळून, नाहीतर नोझल चोंदतं. आळवणीला, म्हणजे मुळाशी ओतायला, एवढी काळजी नाही. कच्ची खायची कोथिंबीर, मेथी, काकडी यावर फवारा म्हणून आम्ही सांगतच नाही, तिथं फक्त मुळाशी आणि तेही काढणीच्या बरंच आधी.

बटाट्यावरचा करपा यानं थांबतो का, हे सारखं विचारतात. थांबतो असं आम्ही लिहून देत नाही. रोगाच्या बाबतीत प्रयोगांचे निकाल कुठं चांगले तर कुठं काहीच नाही असे आहेत, आणि जमिनीत सेंद्रिय काहीच नसेल तर नुसत्या पाण्यातले जीवाणू काय खाऊन जगणार? आधी खत, मग हे. असं बोलल्यामुळं काही गिऱ्हाईकं गेली, जाऊ देत.

कोणाला पाहिजे असेल तर परवा सकाळचा माल आज संध्याकाळपर्यंत सांगा. "ताई, उद्याच द्या की" म्हणून फोन येतात, पण बॅरल सांगितल्यावरच लावतो, शिल्लक काढून ठेवलेलं आमच्याकडं काहीच नसतं. जोराचा पाऊस लागला असेल तर आम्हीच फोन करून ऑर्डर पुढं ढकलतो.