बडोदा ते मुंबई विमानाने: अर्ध्या तासाचे सहा तास

मावशीच्या पंच्याहत्तरीला दादरला जायचं होतं. गाडीला वेटिंग, म्हणून विमानाचं तिकीट काढलं. हरणी, म्हणजे बडोद्याचा विमानतळ, ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. ताशी ८०० चा वेग धरला तर अर्धा तास! या भागाकारानेच मी फसलो.

तिकिटावर वेळ होती ५.२० ते ६.३०. हा एक तास दहा मिनिटांचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. एवढ्याशा अंतरात विमान वेग घेतं न घेतं तोच उतरायची तयारी सुरू होते. दहा हजार फुटांखाली तर २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर, एवढीच मुभा असते.

दांडिया बाजारातून सव्वातीनला निघालो, पंचवीस मिनिटांत हरणी. तिथे काही त्रास नाही. विमान पावणेसहाला हललं. खरा वैताग मुंबईच्या अलीकडे सुरू झाला. खिडकीतून खाडीचा एक वाकडा काठ दिसला, थोड्या वेळाने पुन्हा तोच, मग तिसऱ्यांदा तोच. घिरट्या! मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि संध्याकाळी रांग लागते. शेजारच्या आजी दर वळणाला माझा हात धरत होत्या. ७.०५ ला टेकलो, मग जागा रिकामी होईपर्यंत पंधरा मिनिटं विमानातच, पुढे पट्ट्यावर बॅगेची वाट.

बाहेर आलो तर एक जण चिकटला. "काका, दादर चौदाशे, यात कोणी खाली येणार नाही." दमलो होतो, बसलो. काळ्यापिवळ्या टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला २०.६६. दादरपर्यंत साडेतीनशेच्या आसपास व्हायला हवे होते. चौपट दिले! अजून जीव जळतो. अशा माणसाकडे बघूसुद्धा नका. टर्मिनल दोनलाच मेट्रो तीनचं स्टेशन आहे, तीच गाडी थेट दादरला जाते. हे मला मावशीकडे जेवताना कळलं, रात्री सव्वानऊनंतर.

म्हणजे दारापासून दारापर्यंत सहा तास. वंदे भारत बडोद्याहून चार-सव्वाचार तासांत मुंबईत पोचते. बोरिवलीला उतरून फास्ट लोकल पकडली की दादर. सगळं धरून सव्वापाच तास, आणि बॅग पायाशी.

माझं स्पष्ट मत: नुसतं मुंबईला जायचं असेल तर विमान घेऊच नका. पुढे कोची-गोव्याचं विमान पकडायचं असेल तरच घ्या. तेव्हाही दोन्ही विमानांचं टर्मिनल आधी बघा. एक सांताक्रूझला, दुसरं सहारला. मधे तीन तास तरी ठेवा. बॅग पाठीवर मावेल एवढीच न्या. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा हरणी जवळ आहे म्हणून घरी रेंगाळू नका. गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख ठरली की त्याच दिवशी काढा.

मुंबईतले चार दिवस छान गेले. येतानाचं विमान रद्द केलं, पैसे कापले गेले तरी. गाडीने आलो आणि स्टेशनवरून दहा मिनिटांत घरी चहा प्यायला बसलो.