मुलगा आणि चिअरलीडर?

आज सराव संपता संपता पुन्हा तेच ऐकलं: "हे मुलींचं काम, मुलगा कशाला?"

आपल्याला चिअरलीडर आठवतात त्या आयपीएलमधल्या. पण सुरुवात १८९८ ची. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. तेव्हा हे काम मुलांचंच होतं. तिथे मुली १९२३ मध्ये आल्या.

साधा खांद्याच्या उंचीचा स्टंट घ्या. माणसं चार: खालून उचलणारे दोन बेस, मागे सांभाळायला एक स्पॉटर, वर जिला उचलतात ती फ्लायर. बेसने पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवायचे आणि जोर मांड्यांतून काढायचा. एक हात फ्लायरच्या टाचेखाली, दुसरा चवड्याखाली. नवी मुलं इथेच चुकतात. दंडात ताकद आहे म्हणून हातानेच उचलतात, मग पाऊल तिरकं होतं, फ्लायर खाली बघते, कंबरेत वाकते आणि तोल जातो. दोन्ही बेसची मोजणी अर्ध्या ठोक्याने चुकली तरी तेच. स्पॉटरची नजर सतत फ्लायरवर हवी, कारण पडताना डोकं आणि मान त्यालाच वाचवायची असते. हे नाजूक काम म्हणणाऱ्यांनी एकदा खाली उभं राहून बघावं.

दुसरा शिक्का मला जास्त खुपतो: मुलगा घ्यायचा तो फक्त उचलायला. ज्याला नाचायचंय त्याचं काय? २०१८ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चिअरलीडरांमध्ये दोन पुरुष आले. मुलींच्याच रचना, त्याच ओळीत उभं राहून नाचले आणि २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्यातही उतरले.