कोहेनांच्या हातावर पाणी घालताना

सिनेगॉगमध्ये कोहेन, म्हणजे यहुदी पुरोहित घराण्यातले पुरुष, लोकांना देतात तो आशीर्वाद अवघ्या 15 शब्दांचा. बायबलातल्या गणना या पुस्तकात, 6:24 ते 26, हिब्रूत 3, 5 आणि 7 शब्दांच्या तीन ओळी. हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, एकेक शब्द सांगतो, कोहेन मागून म्हणतात, मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. घोडं अडतं ते त्याआधी, बेसिनपाशी.

आशीर्वादाआधी कोहेनांच्या हातावर पाणी घालायचं काम लेवीचं, म्हणजे लेवी वंशातल्या, पण कोहेन नसलेल्या माणसाचं. लेवी नसेल तर पहिलटकरणीच्या मुलाचं. आईचा पहिला हवा, नुसता बापाचा पहिला चालत नाही. तोही नसला तर कोहेनानं स्वतःच घ्यावं. आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, आडनावावरून गाव कळतं, पेणकर म्हणजे पेणचे. पण घराण्यात कोहेन किंवा लेवी असल्याची परंपरा नाही. तेव्हा इथे इस्राएलात लेवी आला नाही की ते दोन कानांचं भांडं माझ्या हाती येतं, थोरला म्हणून.

बेसिन एक, कोहेन सहा. पाणी आल्यावर चाळीत उडते तशी झुंबड, आणि कारण दर वेळी तेच: बुटांच्या नाड्या! दुखानवर, म्हणजे हेखाल या तोरा ठेवायच्या कपाटासमोरच्या पायरीवर, बूट घालून चढत नाहीत. ही तजवीज पहिल्या शतकातले धर्मगुरू योहानान बेन झक्काई यांची. नाडी तुटली आणि कोहेन बांधत बसला, तर लोक म्हणायचे, याच्या कोहेनपणातच खोट असेल. मोजे चालतात. बूट बाकाखाली सरकवायचे, मध्ये टाकायचे नाहीत.

पण बूट आधी, हात नंतर. मनगटापर्यंत पाणी घालून झालं आणि गृहस्थ नाडीला हात लावायला वाकले, की पुन्हा पहिल्यापासून, आणि मागचे पाच जण खोळंबून. निम्म्या वेळा हेच होतं. नाड्या अमीदा, म्हणजे उभ्यानं म्हणायची मुख्य प्रार्थना, सुरू होण्याआधीच सैल करून ठेवाव्यात. मग पायानंच बूट निघतो. पाण्यात कंजुषी नको. हात धुण्याच्या पाण्याचं रेवीइत हे माप कोणी 86 मिली धरतं, कोणी 150. मी भांडं भरूनच घेतो. टॉवेल तिसऱ्या माणसापर्यंत ओलाचिंब होतो, दोन ठेवा.

घाई शब्बाथला, शनिवारी, जास्त. अमीदा ही आशीर्वादांचीच माळ. एरवीच्या दिवशी हज्जान तिसऱ्यातल्या केदुशानंतर 13 आशीर्वाद म्हणून मग 17व्याला, रत्झेला, पोचतो. शब्बाथला मध्ये एकच असतो. रत्झे संपण्याआधी कोहेनाचा पाय दुखानच्या दिशेनं उचललेला हवा, नाहीतर त्या तफिलेत, म्हणजे प्रार्थनेत, त्याला चढता येत नाही. बेसिनपासून निघाला तरी पुरतं, वर उशिरा पोचला तरी हरकत नाही. हे ठाऊक नव्हतं तोवर मी उगाच पाणी ओतायची घाई करायचो.

पाणी घालणाऱ्यानं भांडं ठेवून लगेच पुढे यायचं. कोहेनांच्या पाठीमागे जाणूनबुजून उभं राहिलेल्याला आशीर्वाद लागत नाही. बाजूला उभे असाल तर चालतं, तोंड त्यांच्याकडे हवं. हेखालच्या भिंतीलगत बसणाऱ्यांनीही उठून समोर यावं; सांगितलं की त्यांना राग येतो, तरी सांगावं.

हातांकडे बघायचं नाही. बोटं जोड्यांनी फाकवलेली, उजवा हात जरासा वर, त्यावर तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल. आमेन प्रत्येक ओळीच्या शेवटी, शब्दाशब्दाला नव्हे. एक सांगायचं राहिलं: दोन किंवा जास्त कोहेन असले तरच ‘कोहानीम’ अशी हाक देतात, एकटा असेल तर तो आपणहून उजवीकडून लोकांकडे वळतो.

हज्जाननं सीम शालोम, अमीदेतला शेवटचा आशीर्वाद, सुरू केला की कोहेन हेखालकडे वळतात. तोंड फिरेपर्यंत बोटं मिटत नाहीत, आणि त्यानंतरचं आमेन होईपर्यंत खाली उतरत नाहीत. उतरले की ‘यशर कोआख’, म्हणजे शाबास, म्हणायचं. मग ते बूट चढवतात, नाड्या हातानं बांधतात, आणि उरलेल्या तफिलेसाठी हात धुवायला परत बेसिनपाशी येतात.